भूत, कबुली आणि नाव : अमेरिकन हत्यागीतांच्या परंपरेचा विचार

१

अमेरिकेत 'मर्डर बॅलड' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कथागीतांचा इतिहास बहुधा उगमाच्या अंगाने सांगितला गेला आहे. अमुक गीत कोणत्या ब्रिटिश गीतावरून आले, त्यामागे कोणता खटला होता, मूळ घटना कोणत्या नदीकाठी घडली, ह्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात अभ्यासकांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या आणि त्यातून मोलाची सामग्री हाती आली. ह्याच सामग्रीच्या आधारे एक वेगळा प्रश्न उपस्थित करता येतो. खुनाची हकीकत सांगण्याचा अधिकार ह्या गीतांत कोणाकडे असतो, आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे कसा गेला? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ह्या गीतप्रकाराच्या उत्क्रांतीचा आस निवेदकाच्या बदलात आहे. जुन्या ब्रिटिश परंपरेत मृत स्त्रीची साक्ष आणि खुन्याची कबुली अशा दोन्ही गोष्टींना स्थान होते. अमेरिकेत पहिली जवळजवळ लोपली आणि दुसरी उरली. ह्या घटनेचे परिणाम केवळ वाङ्मयीन नाहीत.

आरंभी परिभाषेविषयी थोडे. मराठीत 'बॅलड' म्हटले की पोवाडा आठवतो. ॲकवर्थ आणि शाळिग्राम ह्यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली निघाला, आणि १८९४ मध्ये ॲकवर्थने त्यांतील काही रचना इंग्रजीत आणताना त्यांना 'बॅलड' हेच नाव दिले, तेव्हापासून हे समीकरण रूढ झाले. परंतु पोवाडा हा ज्ञात शाहिराचा, पराक्रमाचा गौरव करणारा आणि शेवटी कर्त्याचे नाव गुंफणारा प्रकार आहे. आपण ज्या गीतांचा विचार करणार आहोत, त्यांचे कर्ते बहुधा अज्ञात आहेत, त्यांत पराक्रम नाही, आणि एखादे नाव उरलेच तर ते मारल्या गेलेल्या मुलीचे किंवा मारणाऱ्याचे असते. म्हणून येथे 'कथागीत' ही व्यापक संज्ञा आणि त्यातील ह्या वर्गासाठी 'हत्यागीत' ही संज्ञा वापरली आहे.

२

हार्वर्ड विद्यापीठातील फ्रान्सिस जेम्स चाइल्ड ह्याने १८८२ ते १८९८ ह्या काळात इंग्लिश व स्कॉटिश कथागीतांचा जो महासंग्रह सिद्ध केला, त्यात ३०५ गीते आहेत. त्यांपैकी खुनाची गीते वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. ह्या जगात खून लपत नाही, कारण निसर्ग आणि परलोक दोघेही साक्षीला उभे राहतात. दोन बहिणींच्या कथेत थोरली धाकटीला पाण्यात लोटते. प्रेताच्या हाडांची आणि केसांची वीणा वा सारंगी बनते, आणि ते वाद्य राजसभेत आपण होऊन वाजू लागून थोरलीचे नाव घेते. यंग हंटिंगच्या कथेत प्रियकराला मारणाऱ्या स्त्रीशी पक्षी बोलतो. येथे न्यायाची यंत्रणा अद्भुताच्या हाती आहे.

चाइल्डने ज्यांना तुच्छ लेखले ती बाजारात विकली जाणारी एकपानी छापील गीतपत्रके हा दुसरा प्रवाह. अमेरिकन हत्यागीतांना ह्याच प्रवाहाने अधिक पाणी पुरवले. ह्यांपैकी दोन पत्रके विशेष महत्त्वाची आहेत. अठराव्या शतकातील 'द गॉस्पोर्ट ट्रॅजेडी' ह्या गीतात जहाजावरील सुतार आपल्या गरोदर प्रेयसीला रानात नेऊन मारतो. पुढे जहाजावर तिचे भूत तान्ह्या मुलासह त्याच्यासमोर उभे राहते आणि तो भ्रमिष्ट होऊन मरतो. त्याच शतकातील 'द बर्कशायर ट्रॅजेडी' हे मात्र गिरणीवाल्याच्या तोंडून, प्रथमपुरुषात सांगितलेले कबुलीगीत आहे. मुलगी गरोदर आहे, लग्नाची निकड आहे, तो तिला खुंटाने मारतो, नदीत टाकतो आणि कपड्यांवरच्या रक्ताचा खुलासा 'नाकातून रक्त आले' असा करतो. अखेरीस फाशी होते. फाशीपूर्वीच्या निरोपाच्या गीतांची इंग्लंडमधील परंपरा जुनीच होती. तेव्हा कबुलीचे तंत्र अमेरिकेने शोधले असे म्हणता येत नाही. ब्रिटिश वारशात भूत आणि कबुली शेजारी शेजारी नांदत होती, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

३

ॲपलेशियन डोंगराळ प्रदेशात १९१६ ते १९१८ ह्या वर्षांत सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक मॉड कार्पेलिस हिच्यासह हिंडला. ऑलिव्ह डेम कॅम्बेल हिने तेथे आधीच संकलन आरंभले होते आणि १९१७ चा पहिला ग्रंथ दोघांच्या नावे निघाला. मायदेशी विरत चाललेली गीते येथे जिवंत आहेत, ह्याचा शार्पला विलक्षण आनंद झाला. पण जे जिवंत होते ते बदललेलेही होते.

'द गॉस्पोर्ट ट्रॅजेडी'चे अमेरिकेत 'प्रिटी पॉली' झाले. १९२७ साली बी. एफ. शेल्टन आणि डॉक बॉग्ज ह्या दोघांनी बँजोवर गाऊन त्याच्या ध्वनिमुद्रिका केल्या. ह्या रूपात समुद्र नाही, जहाज नाही, गर्भाचा उल्लेख नाही आणि भूतही नाही. उरली आहे ती डोंगरातली वाट, आदल्या रात्री खणून ठेवलेला खड्डा आणि मुलीची याचना. निवेदन कधी 'मी' तर कधी 'तो' असे हेलकावे खाते. 'द बर्कशायर ट्रॅजेडी'चे 'नॉक्सव्हिल गर्ल' झाले. त्यात नाकातल्या रक्ताचा तपशील शाबूत राहिला, पण गर्भारपण गळाल्याने खुनाचे कारणच नाहीसे झाले. खुनी का मारतो हे तो सांगत नाही आणि त्याला कोणी विचारत नाही. 'बँक्स ऑफ द ओहायो'मध्ये लग्नाला नकार एवढे कारण उरते, आणि निवेदक पुन्हा मारणाराच. 'डाउन इन द विलो गार्डन'मध्ये खुनी सांगतो की, पैशाच्या बळावर आपण सुटू अशी बापाने ग्वाही दिली होती.

दोन बहिणींच्या कथेचे काय झाले ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. अमेरिकेतील अनेक रूपांत वाद्याचा भागच गळतो आणि फाशी होते ती बहुधा बुडत्या मुलीला लुटून पुन्हा पाण्यात ढकलणाऱ्या गिरणीवाल्याला. 'विंड अँड रेन' ह्या रूपात हाडांची फिडल टिकली आहे, पण ती आता एकच धून वाजवू शकते, वाऱ्यापावसाची. ती खुन्याचे नाव घेत नाही. साक्षीदार उरला, साक्ष गेली. यंग हंटिंगच्या कथेतील पक्षी मात्र अमेरिकेतही बोलतो. १९२९ साली डिक जस्टिसने 'हेन्री ली' ह्या नावाने मुद्रित केलेल्या रूपात तो आहे. हा अपवाद विचारात घेण्याजोगा आहे. येथे खुनी स्त्री आहे आणि बळी पुरुष. स्त्री बळी पडते तेव्हा निसर्ग गप्प बसतो आणि पुरुष बळी पडतो तेव्हा पक्षीही बोलतो, असा नियम एका उदाहरणावरून करणे घाईचे ठरेल. तरीही ही विषमता दृष्टिआड करता येत नाही.

अद्भुत का ओसरले? मौखिक परंपरेत गीत आटत जाते आणि त्याचा भावगाभा तेवढा उरतो, असा सिद्धान्त ट्रिस्ट्राम कॉफिनने १९५७ साली मांडला. तो बऱ्याच अंशी पटणारा आहे. पण गाभा कशाला म्हणायचे हे ठरवते कोण? मारण्याचा क्षण गाभा ठरला आणि मृत स्त्रीने परत येऊन जाब विचारणे हे टरफल ठरले, ह्यामागे निवड आहे. न्यू इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फाशीप्रसंगीची प्रवचने आणि गुन्हेगारांच्या कबुल्या छापल्या जात होत्या. पश्चात्तप्त खुनी हा सर्व पाप्यांना इशारा देणारा आदर्श वक्ता ठरला होता. पुढे न्यायालय आणि वृत्तपत्र ह्यांनी साक्षीचे काम हाती घेतले. भुताने करायचे ते काम शेरीफ करू लागला, तेव्हा भुताची गरज उरली नाही. ज्या समाजाने ह्या यंत्रणांवर इतका भरवसा टाकला, त्याच्या गीतांत मृताला बोलण्याचे प्रयोजनच राहिले नाही.

४

हा भरवसा कितपत सार्थ होता, हे ज्या गीतांमागील घटना कागदपत्रांनी ज्ञात आहेत त्यांवरून तपासता येते.

नॉर्थ कॅरोलायनातील रँडॉल्फ परगण्यात १८०८ च्या सुमारास नेओमी वाइज ही तरुणी डीप नदीत बुडून मेली. जोनाथन लुईस ह्याच्यावर आळ आला. तो तुरुंगातून पळाला, काही वर्षांनी पुन्हा पकडला गेला, पण खुनाबद्दल त्याला कधीच शिक्षा झाली नाही. १८५१ साली ब्रॅक्स्टन क्रेव्हनने लिहिलेल्या कथेत नेओमी निष्पाप अनाथ मुलगी झाली आणि लुईसला मृत्युशय्येवरची कबुली मिळाली. पुढे उजेडात आलेल्या एका जुन्या हस्तलिखित पद्यवृत्तान्तात मात्र तिला आधीच दोन मुले होती आणि मुलाच्या पोषणाच्या कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न लुईसपुढे होता, असे चित्र दिसते. 'ओमी वाइज' ह्या गीतात ही दुसरी नेओमी नाही. कायद्याने जे केले नाही ते कथेने कबुली घडवून भरून काढले, आणि त्यासाठी मुलीला आधी निष्पाप करून घ्यावे लागले.

पर्ल ब्रायनची कथा ह्याहून स्पष्ट आहे. इंडियानातील ग्रीनकॅसलची ही गरोदर तरुणी १८९६ साली केंटकीतील फोर्ट टॉमसजवळ शिर तोडलेल्या अवस्थेत सापडली. दंतवैद्यकाचा विद्यार्थी स्कॉट जॅक्सन आणि त्याचा साथीदार अलॉन्झो वॉलिंग ह्यांना १८९७ मध्ये फाशी झाली. शिर कधीच मिळाले नाही. तिच्यावर रचलेल्या गीतांपैकी एक गीत म्हणजे आधीच लोकप्रिय असलेल्या 'द जेलस लव्हर' ह्या गीतात नावे बदलून घातलेली आवृत्ती आहे. त्यात दोन खुनी नाहीत, गर्भ नाही; रान आहे, मत्सरी प्रियकर आहे आणि गुडघे टेकून विनवणारी, मरता मरता मारणाऱ्याला क्षमा करणारी मुलगी आहे. ॲन कोहेन हिने १९७३ च्या आपल्या अभ्यासात दाखवून दिले की, वृत्तपत्रांनीही हीच साचेबंद प्रतिमा उभी केली होती. गीत अडाणी आणि वृत्तपत्र वस्तुनिष्ठ, असा भेद येथे टिकत नाही. दोघेही एकाच साच्यातून घटना काढत होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती क्षमा फार बोलकी आहे. जाब विचारणाऱ्या भुताच्या जागी आता क्षमा करणारी मुलगी आली आहे.

आणि तिला क्षमा करताना पाहिले कोणी? रानात दोघेच होते. हत्यागीताच्या निवेदनातील ही फट एरवी डोळ्यांत येत नाही; ती भीषण रूपात दिसते 'लिटल मेरी फेगन' ह्या गीतात. अटलांटातील पेन्सिलींच्या कारखान्यात काम करणाऱ्या तेरा वर्षांच्या मेरी फेगनचा २६ एप्रिल १९१३ रोजी खून झाला. कारखान्याचा व्यवस्थापक लिओ फ्रँक हा ज्यू होता. त्याला देहान्ताची शिक्षा झाली. जून १९१५ मध्ये गव्हर्नर जॉन स्लेटन ह्याने पुराव्यातील उणिवा पाहून ती जन्मठेपेत बदलली, आणि १७ ऑगस्ट १९१५ रोजी सशस्त्र टोळीने फ्रँकला तुरुंगातून पळवून नेऊन फासावर लटकवले. ह्याच काळात फिडलिन जॉन कार्सन हे गीत गात होता. १९२५ साली त्याच्या मुलीने ते ध्वनिमुद्रित केले. गीतातील मेरी फ्रँकपुढे गुडघे टेकून विनवते. ते गुडघे 'द जेलस लव्हर'मधले आहेत. कोणी न पाहिलेला प्रसंग परंपरेच्या साच्यातून उचलला गेला आणि श्रोत्यांना तो पाहिल्यासारखा वाटला. बहुसंख्य इतिहासकार आज फ्रँकला निर्दोष मानतात. जॉर्जिया राज्याने १९८६ साली त्याला मरणोत्तर माफी दिली, पण त्याच्या निर्दोषत्वाविषयी निर्णय दिला नाही. 'साचा' हा शब्द आपण शैलीविचारात सहज वापरतो. साचा साक्षीदाराची जागा घेतो तेव्हा काय घडू शकते, हे ह्या गीतापाशी थांबून पाहावे.

५

आफ्रिकन-अमेरिकन समाजात सिद्ध झालेली हत्यागीते ह्या चौकटीत पूर्णपणे बसत नाहीत. डी. के. विल्गस ह्याने त्यांना 'ब्लूज बॅलड' असे नाव दिले. घटना श्रोत्यांना ठाऊक आहे असे धरून ही गीते क्रमाने कथा सांगण्याऐवजी तिच्यावर भाष्य करतात. कायदा हे त्यांचे नैतिक केंद्र नाही, कारण त्या समाजाला कायद्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नव्हते. १८९५ च्या नाताळात सेंट लुईसमधील एका मद्यगृहात ली शेल्टनने बिली लायन्सला गोळी घातली. भांडणात टोपी हिसकावली गेली होती. शेल्टनला शिक्षा झाली आणि १९१२ मध्ये तो कैदेतच मेला. गीतातला स्टॅगोली मात्र पोलिसांना न जुमानणारा पुरुष झाला. काही रूपांत तो नरकात जाऊन सैतानाचीच गादी बळकावतो. अद्भुत येथे परत आले आहे, पण मारणाऱ्याच्या बाजूने.

त्याच शहरात १८९९ साली फ्रँकी बेकरने आपला प्रियकर ॲलन ब्रिट ह्याला गोळी घातली. स्वसंरक्षणाच्या कारणावरून ती निर्दोष सुटली. 'फ्रँकी अँड जॉनी'तील फ्रँकी मत्सराने पेटलेली आहे आणि काही रूपांत तिला देहदंडही होतो. हत्यागीताची नायिका स्वतः ते गीत ऐकायला जिवंत असल्याचे हे विरळ उदाहरण. त्यावर आधारलेल्या १९३६ च्या चित्रपटाबद्दल तिने निर्मितीसंस्थेवर दावा लावला आणि १९४२ साली ती हरली. १९५२ मध्ये ती ऑरेगनमध्ये वारली. न्यायालयाने तिला खुनाच्या आरोपातून सोडवले. गीतातून तिला कोणी सोडवू शकले नाही.

डीलिया ग्रीनचे गीत ह्या दोहोंपेक्षा निराळे आहे. १९०० च्या नाताळात जॉर्जियातील सव्हाना येथे चौदा वर्षांच्या ह्या मुलीला जवळपास तिच्याच वयाच्या मुलाने मारले. गीताच्या ध्रुपदात कबुली नाही, क्षमा नाही; ती गेली, एवढेच पुन्हा पुन्हा येते. जॉनी कॅशने १९९४ मध्ये ते खुन्याच्या तोंडी, बेदरकार रूपात गायले. तरीही अखेरीस त्या निवेदकाला तुरुंगात बिछान्याभोवती तिची पावले ऐकू येतात. हाकलून दिलेले भूत कोठडीत परतले आहे.

६

ध्वनिमुद्रणाने ह्या परंपरेचे रूप स्थिर केले आणि तिचा श्रोता बदलला. मौखिक अवस्थेत गावाला नेओमी कोण, लॉरा कोण हे ठाऊक असे. १८६६ साली नॉर्थ कॅरोलायनात लॉरा फॉस्टरचा खून झाला आणि १ मे १८६८ रोजी टॉम ड्यूला ह्याला त्याबद्दल फाशी झाली. सहआरोपी ॲन मेल्टन हिला वाचवणारी, सारा दोष स्वतःवर घेणारी चिठ्ठी तो मागे ठेवून गेला. फ्रँक प्रॉफिटकडून १९३८ मध्ये फ्रँक वॉर्नरने घेतलेले हे गीत १९५८ साली किंग्स्टन ट्रिओने गायले आणि ते देशभर पहिल्या क्रमांकावर पोचले. ह्या आवृत्तीत टॉमचे नाव आहे, त्याला पकडून देण्यात हातभार लावणाऱ्या ग्रेसनचेही नाव आहे, पण तो येथे प्रेमत्रिकोणातला प्रतिस्पर्धी झाला आहे. लॉरा फॉस्टरचे नाव मात्र नाही. भूत गेले, साक्ष गेली, कारण गेले आणि आता नावही गेले.

येथे एका आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. ही गीते जतन केली ती मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनीच. नॉर्थ कॅरोलायनातील जेन हिक्स जेंट्री ह्या एका गायिकेकडून शार्पला अनेक गीते मिळाली. स्त्रिया आपल्याच वधाची गीते का गातील? मुलींना दिलेली ताकीद, हे एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. पण घरात, लेकीबाळींपुढे गाताना मारणाऱ्याचा 'मी' हा स्त्रीच्या कंठातून येतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. कबुली तिच्या तोंडी येते तेव्हा तिची जातकुळी बदलते. ती आरोपपत्रासारखी ऐकू येऊ शकते. छापील संहितेवर विसंबणाऱ्या आपल्यासारख्या अभ्यासकांना हा सूर सहज निसटतो. मूक झालेली साक्ष कदाचित गायनात शिल्लक राहिली असेल.

अलीकडच्या रचना हा धागा उघडपणे हाती घेतात. निक केव्हच्या १९९६ च्या 'मर्डर बॅलड्स' ह्या संग्रहातील एका द्वंद्वगीतात मारलेली स्त्री आणि मारणारा आळीपाळीने गातात. मृत स्त्रीला पुन्हा वाचा फुटली आहे, पण ती खुन्याला जाब विचारत नाही. लोक आपल्याला भलत्याच नावाने ओळखतात, खरे नाव वेगळे होते, एवढेच ती बजावते. जिलियन वेल्चच्या १९९८ च्या 'केलेब मायर'मध्ये हल्लेखोराला मारून वाचलेली स्त्री स्वतः बोलते, आणि भूत होण्याची पाळी त्याच्यावर येते. २०१४ साली 'हरे फॉर द रिफ रॅफ' ह्या वृंदाने 'द बॉडी इलेक्ट्रिक' ह्या गीतात ह्या परंपरेलाच प्रश्न केला. ह्यांना परंपरेचा निषेध म्हणण्यापेक्षा, तिने मध्येच सोडलेले काम पुढे नेणे म्हणणे अधिक योग्य होईल.

कथागीताची निर्वैयक्तिकता, त्याचे अलिप्त आणि मितभाषी निवेदन, हा त्याचा थोर कलागुण मानण्याची रीत गमियर आणि जेरुल्ड ह्यांच्यापासून चालत आली आहे. तो गुण आहेच. पण 'प्रिटी पॉली'तील ज्या मौनाने आपण भारावून जातो ते सर्वस्वी शैलीचे मौन नाही. त्यात एक काढून घेतलेली साक्ष आहे. गीताचा पाठ ठरवताना गळलेले कडवे कोणाचे होते, हे विचारणे पाठचिकित्सेइतकेच समीक्षेचेही काम आहे. लॉरा फॉस्टर, नेओमी वाइज, पर्ल ब्रायन, डीलिया ग्रीन ह्यांची नावे तरी अभ्यासकाने आपल्या लेखनात नीट लिहावीत. गीताला ते नेहमी जमले नाही.